बावीस नावांचा डोह

एका जंगलात, खरे म्हणजे जंगलातल्या एका नदीत, खोल डोह होता. बाळांनो, उन्हाळ्यात नदी आटायची, पण डोह आटत नसे. तिथे खडस नावाचे मासे राहत. शेपटेराव त्यांचा प्रमुख. स्वतःच्या नावासकट बापजाद्यांची बावीस नावे त्याला तोंडपाठ होती आणि कोणी विचारले नाही तरी तो ती म्हणून दाखवी. आता तेविसावे नाव मुलाचे जोडायचे, एवढीच त्याची आस उरली होती. बायको रेवाच्या पोटात अंडी होती, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

खडसांची रीत अशी, की सून आणायची ती खालच्या डोहांतून. वंशावळीत मात्र नावे बापांचीच. आयांची नावे लिहायचे कोणाला सुचलेच नाही.

एका साली पाणी फार उतरले. शेपटेरावाने फर्मान काढले, डोहात फक्त अस्सल डोहकर राहतील. पुराव्यासाठी कमठशास्त्री नावाचे विद्वान कासव आले. त्यांनी प्रत्येकाच्या पराचा कपटा घेतला, महिनाभर तपासला आणि सभा बोलावली.

शास्त्री म्हणाले, अंगातल्या प्रत्येक पेशीत एक चूल असते. त्या चुलीचा डीएनए वेगळा, आणि तो फक्त आईकडून येतो. या डोहात तो चार तऱ्हांचा सापडला, चारही खालच्या डोहांतल्या. हे चांगलेच आहे, एखादा रोग आला तर सगळे एकदम मरणार नाहीत.

"आणि माझा?" शेपटेरावाने विचारले.

"तुमचाही खालचाच. तुमच्या आईचा."

शेपटेरावाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण डोके त्याचे पुढाऱ्याचे.

"बाप हा डीएनए पुढे देतो का?"

"नाही."

"म्हणजे आमच्यापाशी तो संपतो. पसरवतात त्या बायका. त्यांनी जावे."

शास्त्रींनी मान कवचात ओढून घेतली. रेवा पोटातली अंडी घेऊन खालच्या वाटेला वळली. शेपटेरावाची म्हातारी आई तुळाक्का जाताना थांबली.

"तुझा बाप मला न्यायला खालपर्यंत आला होता," ती म्हणाली. "पोचवायला कोणी येऊ नका. वाट माझ्या माहितीची आहे."

सभा बघत होती, म्हणून शेपटेरावाने पहिल्यापासून नावे म्हणायला घेतली.

पुढच्या साली शास्त्री पुन्हा आले. खालच्या डोहांत पिल्लांची नुसती झुंबड होती. वर पाणी नितळ, उरलेल्या नरांना जागाच जागा. शेपटेराव एकटा बावीस नावे म्हणत होता. बाविसाव्याशी थांबायचा आणि पुन्हा पहिल्याकडे वळायचा.

"डोह किती शुद्ध झाला?" त्याने विचारले.

"पूर्ण," शास्त्री म्हणाले. "आता तपासायला कोणी जन्मतच नाही."

तात्पर्य : कूळ शुद्ध ठेवायचे असेल, तर ते आपल्यापाशीच संपवावे. दुसरा खात्रीचा उपाय शास्त्राला अजून सापडलेला नाही.