गप्प बसण्याचा हक्क

आमच्या अख्ख्या काउंटीत अमेरिकेची राज्यघटना खिशात घेऊन हिंडणारा माणूस मी एकटाच. एकवीस वर्षं शाळेची बस चालवतोय, पण हक्कांचा विषय निघाला की वकिलानेही मला विचारून जावं! त्यामुळे पोलिसांचा फोन आला तेव्हा घाबरली ती माझी बायको लोर्ना. मी मुळीच घाबरलो नाही.

आमची शेजारीण व्हर्ना कॉप हिची रस्त्याकडेची टपालपेटी कुणीतरी गाडीने उडवून पळ काढला होता. पेटी पांढरी, आणि माझ्या ट्रकच्या बंपरलाही पांढरा रंग.

"अरे, तो आपल्या कुंपणाचा रंग. तूच डबा सांडलास ना? तेवढं सांग," लोर्ना म्हणाली. "गुन्हा लागला तर बसचा परवाना जाईल."

"एक शब्द बोलणार नाही. पाचवी घटनादुरुस्ती! स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणावर करता येत नाही."

"ती राहू दे. तू पाच मिनिटांत घरी ये."

चौकीत समोर पोलिसाच्या गणवेशात जनेल बसली होती. ही पोरगी सहा वर्षं माझ्याच बसने शाळेत गेली.

"वेंडेलकाका, अटकबिटक काही नाही हं. वाटेल तेव्हा उठून जा. पेटीला तुमची गाडी लागली का?"

मी छताकडे पाहिलं.

"मग रंग कुठून आला?"

मी कॉफीचा घोट घेतला.

"काका, नुसतं नाही म्हणा. मी हा तक्रारीचा कागद फाडून टाकते."

बिचारी रडकुंडीला आली होती. मी दीड तास ओठ मिटून बसलो. स्वतःचा इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वकील टिल्मनना सगळं ऐटीत सांगितलं.

"मला गप्प राहायचंय, असं म्हणालात ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणणार कसा? गप्प होतो ना!"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, अटकेत नसताना तो हक्क तोंडाने मागावा लागतो. न मागता गप्प बसलात, तर ते गप्प बसणंच तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं करता येतं."

मला खरंच रडू फुटलं. गप्प राहण्यासाठी बोलावं लागतं, हे माझ्या खिशातल्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. पोलीस चौकशीचं कळताच शाळेने त्याच दुपारी बसच्या किल्ल्या मागून घेतल्या.

परवा शाळा मंडळापुढे सुनावणी झाली. या वेळी मी काहीच हातचं राखलं नाही. कुंपण, रंगाचा डबा, तो कुठल्या दुकानातून आणला, झाकण का निसटलं, सगळं सांगितलं. चाळीस मिनिटं बोलत होतो. मंडळाचे अध्यक्ष ऑर्व्हिल स्टँग शांतपणे ऐकत होते.

"वेंडेल," शेवटी ते म्हणाले, "इतकं बोलणारा माणूस त्या दिवशी दीड तास उगाच गप्प बसेल का?"

मला उत्तर सुचेना. मी तसाच उभा राहिलो. चिटणीस बाईंनी तेही लिहून घेतलं.