पाणी, नको, परत घेतो

बाईंच्या पत्राला आजोबांनी उत्तर लिहिलंच नाही, असं म्हणता येणार नाही. नऊ वेळा लिहिलं. पाठवलं एकदाही नाही. त्यांच्या चार वर्षांच्या नातीला कमी ऐकू यायचं. दोन्ही कानांमागे यंत्रं लावून ती बाईंच्या वर्गात जायची. 'घरी तिला काय ऐकू येतं ते दोन ओळींत कळवा. त्यावर तिचा वरचा वर्ग ठरेल,' एवढंच बाईंनी विचारलं होतं. पण जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या आजोबांना दोन ओळींत सहा शंका येत.

"बाबा, राहू द्या ते पत्र," सून म्हणाली. "आता ॲप आलंय. ते चित्र दाखवतं, शब्द ऐकवतं, मग ती काय म्हणते ते तपासून बाईंना अहवाल पाठवतं. तुम्ही फक्त शब्द बोलून द्या. घरातलाच आवाज लागतो."

"माझा? माझा घसा म्हणजे..."

"दिवसभर ती असते कुणाजवळ?"

आजोबांनी पेल्याच्या चित्रावर बटण दाबलं. "पाणी. हं... नको, परत घेतो." मग बूट आला. "बूट. एकच दिसतोय. जोडा म्हणावं का?" अशी चाळीस चित्रं झाली. परत घ्यायचं बटण वेगळं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ॲपने प्रत्येक शब्द शंकेसकट साठवला आणि वर चाळीस तारे बहाल केले.

नात आठवडाभर ॲपसमोर बसली, आणि अहवाल आला: 'मूल पाणी नाकारते. पादत्राणांविषयी संभ्रम. आणखी एक वर्ष खालचाच वर्ग.' शेजारी हसरा चेहरा होता.

आजोबांच्या मुलाने ॲपवाल्यांना फोन लावला. "नाकारते म्हणजे? तांब्याभर पिते ती!"

"सर, आमच्याकडे तशी नोंद नाही."

"नोंद नसेल, पोटात आहे!"

"पोटासाठी आमचं वेगळं ॲप आहे, सर."

एवढ्यात नातीने आजोबांची बाही ओढली. "पाणी. हं... नको, परत घेतो."

आजोबांनी पेला दिला. तिने तो घटाघटा रिकामा केला.

"अगंबाई," सून पुटपुटली, "ही तर अगदी बाबांसारखी..."

आजोबांनी चष्मा काढला. तो 'हं' त्यांचा त्यांनाही ऐकू आला नव्हता. ते भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "बूट."

"एकच दिसतोय!" मागून उत्तर आलं. "जोडा म्हणावं का?"

दहाव्यांदा त्यांनी कागद घेतला. 'यंत्रं लावली की तिला सगळं ऐकू येतं. आम्ही बोलायला नको होतं तेसुद्धा.' पाकीट चिकटवून ते नातीला घेऊन टपालपेटीपाशी गेले. तिला उचलून पाकीट तिच्या हातात दिलं, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. 'तेसुद्धा', की 'तेही'?

"थांब गं," ते म्हणाले. "हं..."

"नको, परत घेतो!" नातीने वाक्य पुरं केलं आणि पाकीट आत ढकललं.