निळ्या चादरीखालचा लाल ठिपका

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस उजाडला तरी चित्रकारबाईंचं एकही चित्र विकलं गेलं नव्हतं. बाई म्हणजे वय वर्षं सव्वीस. पण पत्रिकेत स्वतःच्या नावाआधी स्वतःच 'चित्रकार' छापून घेतल्यामुळे मान द्यायलाच हवा. तीन दिवसांत लोकांनी तिला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न होता, "स्वच्छतागृह कुठे आहे?" अभिप्रायाच्या वहीत एकुलता एक शेरा होता, "एसी छान आहे."

बाबांशी ठरलं होतं. एका तरी परक्या माणसाने चित्र घेतलं तर चित्रकला चालू, नाहीतर सोमवारपासून मामांच्या ऑफिसात टायपिंग. "आत्या-मावशीने घेतलेलं धरायचं नाही," असंही बाबांनी बजावलं होतं. ते ऐकून आत्या आणि मावशी दोघींच्याही जिवात जीव आला होता.

शेवटी तिने कॉलेजातल्या सरांना फोन केला.

"अगं, एखाद्या चित्राखाली लाल ठिपका चिकटव," सर म्हणाले. "ठिपका म्हणजे चित्र विकलं गेलं. रिकाम्या दुकानात तू तरी शिरतेस का?"

तिने निळ्या चादरीच्या चित्राखाली ठिपका लावला, कारण ते कोणी घेणार नाही याची तिला खात्री होती. दोरीवर वाळणारी एक चादर, बस्स. तिला हात काढता येत नसत, त्यामुळे तिच्या चित्रांतली माणसं नेहमी नुकतीच कुठेतरी गेलेली असत. समीक्षकांनी याला एकाकीपण म्हणावं अशी तिची फार इच्छा होती. पण समीक्षक आले नव्हते.

अर्ध्या तासात दातांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या आणि नेमक्या त्याच चित्रापुढे थबकल्या.

"हेच हवंय मला, दवाखान्यात लावायला! पेशंट इतके घाबरून बसलेले असतात हो."

"बाकीची अकरा आहेत ना..."

"छे! हेच. कोणी घेतलं?"

खरं सांगावं तर अब्रूचं खोबरं. "एक... मोठे संग्राहक आहेत," ती म्हणाली.

"मग लावा फोन. सोडतात का विचारा."

बाई समोरून हलेनात. घाबरलेल्या माणसाचं बोट जायचं तिथेच गेलं. तिने बाबांना फोन लावला.

"नमस्कार सर! तुम्ही घेतलेलं ते निळ्या चादरीचं चित्र एका डॉक्टरांना हवंय. सोडाल का?"

"सर? अगं, बरी आहेस ना तू?"

"द्या इकडे, मी बोलते," म्हणत डॉक्टरीणबाईंनी फोन घेतलासुद्धा.

तिने फोन परत घ्यायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

"सर, असं चित्र मी किती वर्षं शोधतेय... हो, परकीच मी... नाही हो, ओळख कसली, आजच पाहतेय तिला... अगदी शपथेवर!" मग बाईंचा चेहरा पडला. "देत नाहीत म्हणे! फारच हट्टी गृहस्थ."

संपलं, तिला वाटलं. पण डॉक्टरीणबाई आता इरेला पेटल्या होत्या. "मला असंच काढून द्या. याच्या दुप्पट मोठं!" आणि तिथल्या तिथे अर्धे पैसे हातावर ठेवून त्या गेल्या.

तिने पुन्हा बाबांना फोन केला.

"बाबा, तुम्ही 'नाही' कशाला म्हणालात? माझा जीव जायची वेळ आली होती!"

"मी जन्मभर दुकान चालवलंय. गिऱ्हाईक एवढं अडून बसलंय म्हटल्यावर लगेच हो म्हणतात का?" बाबांनी आवाज खाली आणला. "आणि ती चादर मला आवडते गं. कधी बोललो नाही, एवढंच."

तिला रडूच फुटलं.

"रडतेस काय? मामाला कळवतो, ती येणार नाही म्हणून. यापुढे फोन सगळे मी घेणार. सकाळी सातला तू रंग घेऊन बसायचं. जेवायला अर्धा तास. रविवारीसुद्धा बसायचं, धंदा नवीन आहे."

तिने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "बाबा, मामांकडे रविवारी सुट्टी असते ना हो?"