भेटण्याची वेळ : दुपारी ३ ते ५

नोकरी कशी करायची हे आपल्याला कुणी शिकवू नये, असं सदाशिव तुळसकरांचं ठाम मत होतं. आणि ते काही खोटं नव्हतं! सिल्व्हासाच्या सरकारी कचेरीत क्लार्क, मग सिनियर क्लार्क, मग हेड क्लार्क असं त्यांचं आयुष्य गेलं होतं. वेंगुर्ल्याहून आले तेव्हा डोक्यावर केस होते, आता त्या जागी अनुभव होता. त्यामुळे त्यांच्या मुलीला, केतकीला, मुंबईच्या एका मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकेत उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळाली, तीही घरबसल्या, तेव्हा त्यांनी क्वार्टर्सच्या जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "कामाचं केतकी बघेल. ऑफिसचं मी बघतो!"

केतकीनं पुण्याला एमबीएची शेवटची परीक्षा नुकतीच दिली होती. दोन महिने घरून काम करायचं, काम पसंत पडलं तर बँक कायमची नोकरी देणार, आणि ती नोकरीही जमल्यास घरूनच. हे 'जमल्यास घरूनच' सदाशिवरावांनी मनात घट्ट धरून ठेवलं होतं. एकुलती एक पोर. कॉलेजसाठी गेली ती सुट्टीत पाहुण्यासारखी यायची, आणि तिची बॅग पुन्हा भरली जाताना ते उगाचच सायकल पुसत बसायचे. आता पगार मुंबईचा आणि जेवण घरचं! यासाठी ते वाटेल ते करायला तयार होते. आणि दुर्दैव असं, की त्यांनी ते केलं!

पहिल्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून बाहेर आले तर केतकी पलंगावर, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, अंगात वरून फॉर्मल शर्ट आणि खाली फुलाफुलांचा पायजमा.

"हे काय?"

"काम करतेय, बाबा."

"पलंगावर? पलंगावर माणूस आजारी पडतो. काम टेबलावर करतात!"

त्याच दिवशी ते आमलीच्या भंगारबाजारात गेले आणि टेम्पोत घालून एक टेबल घेऊन आले. कुठल्याशा कचेरीतून निघालेलं, वर हिरवं कापड, कापडावर काच. पाठोपाठ हाताची खुर्ची आली. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी स्वतः पांढरा टॉवेल घडी करून टाकला, कारण टॉवेलाशिवाय अधिकारी म्हणजे कुंकवाशिवाय नवरी. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट हॉलमध्ये सरकवलं. टेबलावर भंगारातलीच एक पितळी घंटी ठेवली.

"घंटी कशाला?" लीलाताईंनी विचारलं. त्या सदाशिवरावांच्या पत्नी, आणि खरं तर त्या घरातल्या वरिष्ठ.

"चहा मागवायला."

"माझ्या लेकीनं वाजवली तर आणीन. तुम्ही वाजवलीत तर घंटी पुन्हा भंगारात जाईल, सांगून ठेवते!"

सगळ्यात शेवटी दारावर पाटी लागली. 'कु. केतकी सदाशिव तुळसकर, इन्व्हेस्टमेंट बँकिंग.' पेंटरनं ब्रश धुवायला घेतला आणि सदाशिवरावांना चुकचुकल्यासारखं झालं. पाटी अपुरी दिसत होती. त्यांनी आयुष्यात अशी पाटीच पाहिली नव्हती! त्यांनी पेंटरला थांबवलं आणि खाली एक ओळ वाढवायला लावली: 'भेटण्याची वेळ : दुपारी ३ ते ५.'

आता भेटण्याची वेळ लिहिली की माणसं भेटायला येतात. यात माणसांचा काय दोष?

पहिली आली तानूबाई. ती क्वार्टर्समध्ये भाजी विकायची. "साहेब, बँकेत माजा अंगठा लागत नाय मशीनला. हितं लागंल का?"

केतकी कानात इअरफोन घालून कुठल्याशा कंपनीची किंमत काढत होती. तिनं हातानंच नाही म्हटलं. पण सदाशिवराव नुकतेच कचेरीतून जेवायला आले होते. दारी आलेल्या माणसाला नुसतं 'नाही' सांगून परत पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आधी बसवायचं, मग कागद बघायचे, मग 'परवा या' म्हणायचं! त्यांनी तानूबाईला बसवलं, एक अर्ज लिहून दिला, आणि त्या अर्जानं तिचं काम झालं. झालं! बातमी बाजारभर पसरली. कुणाचं केवायसी अडलेलं, कुणाचं खातं गोठलेलं. राखोलीच्या प्लास्टिक कारखान्यातला खानदेशी चिंधा अहिरे तर पीएफच्या कागदांची पिशवी घेऊन रोजच यायला लागला. सदाशिवरावांनी व्हरांड्यात बाक टाकला आणि दुपारची जेवणाची सुट्टी कचेरीत अर्ज देऊन पाच वाजेपर्यंत वाढवून घेतली.

"बाबा, पाटी काढा ना," केतकी काकुळतीला येऊन म्हणाली. "माझं काम गोपनीय असतं. कुठली कंपनी विकली जाणार हे बाहेर कळलं तर माझी इंटर्नशिप संपली!"

"तू पडद्याकडे बघ, माणसं मी बघतो. कुणी तुझ्या टेबलापर्यंत येणार नाही, माझा शब्द आहे."

शब्द त्यांनी पाळलाही. केतकीच्या मागे कॅमेऱ्यात खोट्या पुस्तकांची भिंत दिसायची. मुंबईवाल्यांना वाटायचं, पोरगी वाचनालयात बसलीय. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग शेवटच्या सादरीकरणाचा दिवस उजाडला. याच्यावरच नोकरी ठरणार होती. वेळ सकाळी अकराची. सदाशिवरावांनी किरकोळ रजा टाकली, फेरीवाल्यांना कोपऱ्यावरच अडवलं आणि कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून लीलाताईंना भात पातेल्यात करायला लावला. अकराला निरोप आला, मोठे साहेब दुसऱ्या मिटिंगमध्ये आहेत. सादरीकरण दुपारी सव्वातीनला!

सव्वातीन म्हणजे भर भेटण्याच्या वेळेत!

तीनला व्हरांडा भरला. बाहेर मे महिन्याचं ऊन, बाक तापून लाल. तानूबाई पदरानं वारा घेत होती. सदाशिवरावांना राहवलं नाही. "आत पंख्याखाली बसा. पण आवाज करायचा नाही! मॅडम मिटिंगमध्ये आहेत." माणसं पाय न वाजवता आत आली आणि भिंतीला टेकून रांगेत बसली, मांडीवर पिशव्या. इतकी शांत रांग त्यांच्या कचेरीत कधी लागली नव्हती. सदाशिवराव स्वतःवरच खूश झाले.

पडद्यावर मोठे साहेब अवतरले, अरविंद साहेब. साहेब म्हणाले, "आज सगळ्यांनी ती खोटी पार्श्वभूमी काढा. माणसं खरी दिसू देत."

केतकीनं बटण दाबलं. पुस्तकं गेली. मागे उमटलं लोखंडी कपाट, खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल आणि पिशव्या घेऊन बसलेली अख्खी रांग.

मोठे साहेब पडद्याजवळ वाकले.

"तुळसकर, तुम्ही कुठे आहात?"

"घरी, सर."

"मागे कोण आहेत?"

केतकीनं घाईघाईत सादरीकरण सुरू केलं. पडद्यावर कारखान्याचा फोटो आला. नाव झाकलेलं होतं, पण गेट झाकलेलं नव्हतं. आणि रांगेतून चिंधा उठला! धावत टेबलापाशी आला आणि काचेवर वाकून ओरडला, "अरे, हाई ते आमनी कंपनी शे! तो गेटजोडे गाडीवर बसेल शे ना, तो मीच!"

रांग उठली. ज्याला त्याला फोटोतला चिंधा बघायचा होता. तानूबाईनं तोल सावरायला टेबलावर हात टेकला तो नेमका घंटीवर. घंटी वाजली, आणि लेकीनं चहा मागितला असं समजून लीलाताई ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"कारकून, शिपाई, चहा!" अरविंद साहेब कडाडले. "तुम्ही आमचे गोपनीय कागद सरकारी कचेरीत बसून उघडता? थांबवा हे!"

केतकीचे डोळे भरून आले. ते पाहून सदाशिवरावांच्या काळजाचं पाणी झालं. ते पुढे झाले आणि कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहिले. "नमस्कार साहेब. सदाशिव तुळसकर, हेड क्लार्क."

"म्हणजे कचेरीच आहे!"

"नाही साहेब! हे घर आहे. मी तिचा बाप. खात्री करून घ्या!"

आणि त्यांनी लॅपटॉप उचलला. स्वयंपाकघरात परातीत मिठाच्या कैऱ्या दाखवल्या. आतल्या खोलीत केतकीचा दोरीवर वाळणारा फुलाफुलांचा पायजमा दाखवला. लीलाताई ट्रेसकट फ्रीजच्या दाराआड गेल्या, तर दार लोटून त्याही दाखवल्या. मग खात्री अगदी पक्की व्हावी म्हणून त्यांनी दारावरची पाटी दाखवली, कारण घराला नाव असतं ते दारावर!

अरविंद साहेब मराठीच होते. त्यांनी पाटी मोठ्यांदा वाचली. 'भेटण्याची वेळ : दुपारी ३ ते ५.' मग मुंबईत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते साहेबच होते.

"या सगळ्यात तुम्ही दोन महिने काम केलंत?" त्यांनी केतकीला विचारलं. "करा सुरू. फक्त त्या फोटोतल्या गृहस्थांना बाहेर बसवा."

आठवड्यानं मेल आला. केतकी आनंदानं उडाली, लीलाताईंनी देवापुढे साखर ठेवली. सदाशिवरावांनी मेल मोठ्यांदा वाचायला घेतला. काम उत्कृष्ट. नोकरी पक्की. आवाज इथवर खणखणीत होता, पुढे तो खाली आला. 'मात्र उमेदवाराच्या घरी अभ्यागतांची वर्दळ असल्याने घरून काम करण्याची परवानगी देता येणार नाही. मुंबई कार्यालयात हजर व्हावे.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. शेरा बिनचूक होता. त्यांच्याकडे फाईल आली असती तर त्यांनीही हाच मारला असता.

केतकी त्यांच्या गळ्यात पडली. "बाबा, वाईट वाटलं?"

"छे! ऑफिस म्हणजे ऑफिस," ते म्हणाले. आणि सायकल पुसायला गेले.

जुलैत तिला वापी स्टेशनवर गाडीत बसवून ते घरी आले. संध्याकाळ झाली होती. हॉलमध्ये टेबल होतं, खुर्ची होती, टॉवेलसुद्धा होता. घर इतकं रिकामं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. रडू येत होतं, आणि त्याचं कारण कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण ते त्यांनी स्वतःच पेंटरकडून रंगवून घेतलं होतं. ते त्या खुर्चीत जाऊन बसले. जरा वेळानं त्यांनी हळूच घंटी वाजवली.

कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली.

आतून लीलाताईंचा आवाज आला. तोही जरा ओलाच होता.

"सात वाजले, अहो! दारावरची पाटी वाचून या!"