दादांचं मडगार्ड

"जन्मभर लोकांच्या किडलेल्या दाढा बुजवल्या मी. पत्र्यातली बोटभर चीर म्हणजे डाव्या हाताचा मळ. पत्रा निदान जीभ तरी मध्ये घालत नाही," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हाच कुणीतरी त्यांचा हात धरायला हवा होता. पण डॉक्टरांचा हात धरणार कोण? दातांचे डॉक्टर ते. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून त्याला गप्प बसवायची त्यांना सवय.

चीर होती दादांच्या गाडीच्या मडगार्डला. दादा म्हणजे डॉक्टरांचे थोरले भाऊ, आणि गाडी म्हणजे दादांचा जीव की प्राण. जुनी, दोन माणसांची, अंगावरचा सगळा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि तोही हाताने ठोकून घडवलेला. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. त्यामुळे दुसरं मडगार्ड मिळायचं नाही, हे दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत. वहिनींना गाडीत बसायचं असलं तर आधी चपला झटकाव्या लागत.

अशा दादांनी लहानपणापासून धाकट्याला कशाला हात लावू दिला नव्हता. सायकल मागितली, की "तू नको, तू मोडशील." रेडिओ लावायला गेला, तरी तेच. डॉक्टरांचे केस पांढरे झाले, पण हे वाक्य काही आत विरघळलं नाही. म्हणूनच एक दिवस दादा स्वतःहून म्हणाले, "तू ते पत्र्याचं शिकतोयस ना? मग मडगार्ड तुझ्याकडेच देतो," तेव्हा डॉक्टरांना भरून आलं. घरी जाऊन बायकोला त्यांनी ते दोनदा सांगितलं. आता दादांनी एकदा 'वा' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पत्र्याचं शिकणं चालायचं दर रविवारी, एका निवृत्त प्राध्यापिकेच्या गॅरेजमध्ये. बाईंनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि आता त्या हौसेने जुन्या मोटारी दुरुस्त करत. त्यांच्याभोवती वकील, फोटोग्राफर, विमा एजंट अशी मंडळी जमली होती. आठवडाभर खुर्चीत बसायचं आणि रविवारी वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने बडवायचा. डॉक्टरांनी बडवून एक वाडगा केला होता. तो टेबलावर ठेवला की बराच वेळ डुलत राही. बायकोने तो कौतुकाने माळ्यावर ठेवला.

बाईंनी ॲल्युमिनियमचा स्वभाव पहिल्याच दिवशी समजावला होता. "लोखंड तापलं की लाल होऊन तुम्हाला सांगतं. हे सांगत नाही. हे शेवटपर्यंत पांढरंच राहतं आणि मग एकदम वितळून खाली बसतं. म्हणून त्यावर साबण घासायचा. साबण काळसर झाला की पत्रा मऊ झाला, ज्योत बाजूला. आणि वेल्डिंगच्या आधी पत्रा स्वच्छ पाहिजे. घाण अजिबात चालत नाही."

यातलं शेवटचं वाक्य डॉक्टरांना फारच पटलं.

त्या रविवारी मडगार्ड आलं. दादा नाही आले, म्हणाले, "मला बघवणार नाही. फोन करीन." चिरेच्या शेजारी एक पोचा होता. आधी पोचा काढायचा, मग चीर सांधायची, असं ठरलं. डॉक्टरांनी हातोडा घेतला. पोचा चार ठोक्यांत वर आला. बाई म्हणाल्या, "बास." पण डॉक्टरांना वाटलं, अजून थोडं गुळगुळीत करू. थोडं करता करता पत्रा ताणला गेला आणि पोच्याच्या जागी टेंगूळ आलं. टेंगूळ दाबलं तर ते टक्‌कन खाली गेलं. खालून दाबलं तर टक्‌कन वर आलं. डॉक्टर दाबतायत आणि मडगार्ड टकटक करतंय, असं बराच वेळ चाललं.

"तापवून मऊ करा आणि हळूच बसवा," बाई म्हणाल्या आणि फोटोग्राफरची जोडणी बघायला पलीकडे गेल्या.

डॉक्टरांनी टेंगळावर साबण घासला, अगदी नीट. मग ज्योत पेटवण्याआधी त्यांच्या हाताने आपोआप एक काम केलं. कुठल्याही जागेवर हत्यार लावायचं तर ती आधी पुसून घ्यायची, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि सगळा साबण लख्ख पुसून टाकला. मग पेटवली ज्योत आणि साबण काळा होण्याची वाट बघत बसले.

"झाला का काळा?" वकिलांनी विचारलं.

"अजून नाही. भारी पत्रा आहे दादांचा. दमदार."

तेवढ्यात फोन वाजला. एका हातात ज्योत, दुसऱ्या हाताने फोन कानाला.

"कसं चाललंय रे?"

"उत्तम. पोचा गेला, दादा. आता फक्त..."

आणि मडगार्ड बसलं. टेंगूळ आधी सुरकुतलं, मग गपकन आत गेलं आणि खाली फरशीवर एक चकचकीत गोळा पडला. चीर होती तिथे आता मूठ जाईल एवढं भोक होतं.

"हॅलो? आणि चीर?" दादा विचारत होते.

डॉक्टरांनी ज्योत बाजूला केली. खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. ते म्हणाले, "चीर गेली."

आणि पलीकडून दादा म्हणाले, "वा."

आयुष्यभर वाट पाहिलेला तो 'वा' असा भोकातून आला. दादा खूश होऊन म्हणाले, "थांब, हिला घेऊन बघायलाच येतो."

इथे माणसाने खरं सांगून मोकळं व्हावं की नाही? पण डॉक्टरांना वाटलं, भोक बुजवणं तर आपला धंदा. दादा येईपर्यंत भरून टाकू. त्यांनी वेल्डिंगचं हेल्मेट चढवलं. ॲल्युमिनियमची सळई वितळवून ते कडेला लावायला जायचे आणि कडच वितळून मागे सरायची. वकील म्हणाले, "जरा जोर वाढवा." वाढवला. विमा एजंट म्हणाला, "कमी करा." कमी केला. आगीतून फुफाट्यात. बाई धावत आल्या आणि ओरडल्या, "अहो, थांबा!" पण हेल्मेटच्या आत डॉक्टर स्वतःशीच पुटपुटत होते, "झालंच, थोडंच राहिलंय." हेच वाक्य ते रोज पेशंटना ऐकवत.

दादा आणि वहिनी दारात आले, तेव्हा मडगार्डचे दोन तुकडे झाले होते. एक डॉक्टरांच्या हातात होता.

दादा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि त्याची धार बोटाला लागू नये म्हणून रुमालात गुंडाळला. "मलाच कळायला हवं होतं," एवढंच म्हणाले. डॉक्टरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वहिनी जाता जाता म्हणाल्या, "भावजी, जेवून घ्या हं. चेहरा उतरलाय तुमचा." त्याने तर त्यांना अजूनच वाईट वाटलं.

मग मात्र डॉक्टरांनी दवाखाना अर्धवेळ केला आणि नव्या पत्र्यातून नवं मडगार्ड घडवायला घेतलं. या वेळी बाई शेजारून हलल्या नाहीत आणि 'बास' म्हणाल्या, की डॉक्टर बास करत. पुसायचं फडकं बाईंनी काढूनच घेतलं होतं. मडगार्ड चांगलं झालं. अगदी जुन्यासारखं नाही, पण बघणाऱ्याला कळणार नाही इतपत. ते चादरीत गुंडाळून डॉक्टर दादांच्या घरी गेले.

दादांनी मडगार्ड चादरीतून काढलं. कडेवरून हात फिरवला. डोळे मिचकावून मान हलवली, धाकट्याचा खांदा थोपटला. बोलले मात्र काही नाहीत. डॉक्टरांनी नीट पाहिलं, तर दादांचा गाल सुजला होता आणि दातांत कापसाचा बोळा होता.

"दाढ काढली?" डॉक्टर म्हणाले. "कुणी?"

दादा खिडकीबाहेर बघायला लागले. उत्तर वहिनींनी दिलं.

"वाईट वाटून घेऊ नका, भावजी. मी म्हटलं होतं, घरचा डॉक्टर असताना परक्याकडे कशाला? तर म्हणाले, 'अगं, तो फार मन लावून काम करतो. थांबतच नाही.'"

डॉक्टरांनी दादांची हनुवटी वर केली, तोंड उघडायला लावलं आणि आत पाहिलं. काम चांगलं झालं होतं. शेजारच्या दाताला धक्काही लागला नव्हता.