सरदारच्या रिपोर्टचं चौथं पान

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कारण या गोष्टीत जो माणूस तोंडावर आपटतो तो माझा मित्र आहे, आणि तो आपटत असताना मी हाताची घडी घालून बघत होतो. पण आता त्यानेच परवानगी दिलीय. तेव्हा घ्या.

मित्राचं छपाईचं दुकान आहे, म्हणून सगळे त्याला छाप्या म्हणतात. पावतीपुस्तकं, व्हिजिटिंग कार्डं, लॅमिनेशन, आणि काउंटरखाली झोपलेला सरदार. सरदार म्हणजे लॅब्रॅडॉर. अस्सल, शुद्ध, सात पिढ्यांचा कागद असलेला. हे मी म्हणत नाही, छाप्या म्हणतो, आणि ओळख झाल्यावर साधारण तिसऱ्या वाक्यात म्हणतो. सरदारची शेपूट पाठीवर गोल वळलेली. एक कान ताठ उभा, दुसरा विचारात पडलेला. पाण्याची बादली दिसली की साहेब पलंगाखाली.

"खानदानी आहे रे," छाप्या सांगायचा. "कुठल्याही पाण्यात शिरत नाही."

आता एवढं खानदान एकट्या सरदारपाशी संपून कसं चालेल? दोन गल्ल्या सोडून दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात. त्यांची बिट्टी पण लॅब्रॅडॉर, आणि ती तशी दिसतेही. सरदार-बिट्टीची जोडी जमावी हे छाप्याचं चार वर्षांचं स्वप्न. एका सकाळी मैदानात त्याने धीर करून विषय काढला.

"रिपोर्ट आहे?" बाईंनी विचारलं.

"सात पिढ्यांचा कागद आहे ना."

"तो विकणाऱ्याने दिलेला. मी जनुकांच्या तपासणीबद्दल म्हणतेय. बिट्टीमध्ये नजर जाण्याच्या एका आजाराचा अर्धा वाटा आहे. तिला स्वतःला काही होणार नाही. पण जोडीदारातही तोच अर्धा असला, तर काही पिल्लं आंधळी होऊ शकतात. आधी तपासणी, मग बोलू."

"बाई, सरदारच्या रक्तात असलं काही—"

"रक्त नाही लागत. गालाच्या आतून काडी फिरवायची."

छाप्याने मागवलेल्या तपासणीच्या खोक्यातून दोन काड्या आल्या. तासभर कुत्र्याला खायला द्यायचं नाही, असं वर लिहिलेलं. छाप्याने पाळलं. सरदारला साहजिकच भूक लागली आणि त्याने पहिली काडी खाल्ली.

"दुसरी मी फिरवते," वहिनी, म्हणजे छाप्याची बायको, म्हणाल्या. "तू फक्त त्याला धर. आणि तो घाबरतोय, तेव्हा तू ओरडू नकोस."

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेकडून पाच पानांची पीडीएफ आली. पहिलं पान रंगीत. बत्तीस आजार, बत्तीस हिरव्या खुणा. छाप्याने ती मला लगेच पाठवली, वर दोन ओळी: 'याला म्हणतात कुत्रा. तुझ्या टिल्लीला वाचून दाखव.' टिल्ली माझी, रस्त्यावर सापडलेली.

इथे छपाईवाल्याची एक सवय समजून घ्या. रंगीत पान म्हणजे काम, काळं-पांढरं पान म्हणजे अटी आणि नियम. छाप्याने आयुष्यात हजारो अटी-नियम छापलेत, वाचलेला एकही नाही. तेव्हा पहिलं पान मोठं करून, चकचकीत लॅमिनेशन होऊन दुकानात लागलं. बाकीची चार त्याने उघडलीही नाहीत.

मी उघडली. रिकामटेकडा होतो. चौथं पान वाचून चहा सांडला, आणि ठरवलं, सकाळी भेटून नीट सांगायचं.

सकाळी मैदानात बाकामागे बोर्ड. 'येथे फक्त तपासणी झालेली शुद्ध जातीची कुत्री. इतरांनी टाकीच्या पलीकडे बसावे.' खाली दुकानाचा फोन नंबर.

"छाप्या, आणि टिल्ली?"

"नियम म्हणजे नियम. मित्र म्हणून तुला सूट दिली तर लोक मला काय म्हणतील? आणि पलीकडे सावली पण चांगलीय की."

मी टिल्लीला घेऊन सावलीत गेलो. चौथं पान खिशातच राहिलं.

पुढचे बारा दिवस छाप्या जमिनीवर नव्हता. पगवाल्या काकांना म्हणाला, "तुमच्याचा श्वास ऐका, तपासून घ्या, अशांनीच जाती बिघडतात." काकांनी तेव्हापासून मैदानात येणंच सोडलं. पिल्लांच्या नोंदणीचे फॉर्म छापले, अकरा जणांकडून भरून घेतले. बिट्टीचा होकार तेवढा बाकी होता.

तेराव्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, लॅमिनेशन काखेत मारून तो दवाखान्यात गेला. खुर्चीत एक पेशंट तोंड उघडं ठेवून पडलेला.

"पहिलं पान छान आहे," बाई म्हणाल्या. "बाकीची?"

"ती काळी-पांढरी आहेत."

"पाठवा."

त्याने तिथूनच पाठवली. बाईंनी हातमोजे काढून फोन घेतला. वाचता वाचता चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

"यांनी जातही तपासलीय. लॅब्रॅडॉर, नऊ टक्के."

"आणि बाकीचे?"

"कुठल्याच जातीशी जुळत नाहीत."

छाप्याने थोडा विचार केला. "पास व्हायला किती लागतात?"

खुर्चीतल्या पेशंटच्या घशातून एक आवाज आला. तोंडात नळी होती, त्यामुळे ते हसू होतं की दुखणं, कळायला मार्ग नाही.

"हे बघा," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा कुत्रा ठणठणीत आहे. बिट्टीचा असा रिपोर्ट आला असता तर मी इथे नाचले असते. पण मला लॅब्रॅडॉरच हवाय. जोडी नाही जमणार."

संध्याकाळी मी दुकानात गेलो तर शटर अर्धं खाली. आत छाप्या जमिनीवर बसलेला, सरदारचं डोकं त्याच्या मांडीवर. भिंतीवर लॅमिनेशनच्या जागी चार खिळे.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"तू पीडीएफ पाठवलीस त्या रात्रीपासून."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"सांगायलाच आलो होतो. तू टिल्लीला उठवलंस."

तो बराच वेळ सरदारचा उभा कान खाली दाबत बसला. सोडला की कान परत वर.

"घरी कळलं?" मी विचारलं.

"हिला सांगितलं. म्हणाली, मला शेपूट बघूनच कळलं होतं, पण तू इतका खूश होतास." त्याने नाक ओढलं. "उद्या बोर्ड काढतो. अकराही जणांना मैदानात उभं करून मीच सांगतो. काकांच्या घरी जाऊन माफी मागतो. तू फक्त माझ्याशेजारी उभा राहा."

"राहतो."

"आणि हसायचं नाही."

मी सरदारकडे बघितलं. छाप्याकडे बघितलं. गालाची आतली बाजू दातांत धरली.

"तुझं बोलून होईपर्यंत अजिबात हसणार नाही," मी त्याच्या हातावर हात ठेवून वचन दिलं. "त्यानंतरचं मात्र माझ्या हातात नाही."