अकरा मिनिटांचे दाजी

माझे दाजी कुठलीही वस्तू हातात देत नाहीत. ठोसून देतात. मीठ मागितलं तर मिठाची डबी डाव्या तळहातावर ठेवायची, उजव्या हाताची मूठ वळायची आणि डबीला असा ठोसा हाणायचा की ती टेबलावरून उडत थेट मागणाऱ्याच्या छातीशी आली पाहिजे. झाकण घट्ट असेल तर मागणाऱ्याला मीठ मिळतं. सैल असेल तर सगळ्यांना मिळतं. कांदे, साबणाची वडी, टीव्हीचा रिमोट, आणि माझ्या साखरपुड्यात पेढ्यांचा बॉक्स. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी तो नाकावर घेतला.

नवीन माणसाला वाटतं, हे गृहस्थ चिडलेत. सव्वा सहा फूट उंची, पंज्याएवढे कान, त्यात वळलेली मूठ, वाटणारच. माझी थोरली बहीण सुजाताताई मात्र फोडणी देता देता मान न वळवता एक हात मागे करते आणि आलेला टोमॅटो झेलते. लग्नाला सतरा वर्षं झाली. आमच्या माहेरच्या घराण्यात त्याआधी कुणी साधा लगोरीचा चेंडूही झेलला नव्हता.

याचं मूळ असं, की दाजी एके काळी ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे व्यावसायिक खेळाडू होते. हे वाक्य भाईंदरमध्ये म्हणून बघा. समोरचा म्हणतो, "अच्छा, म्हणजे फुटबॉल." मग दाजी खुर्ची ओढतात. "फुटबॉल नाही. रग्बी पण नाही. पाच मिनिटं आहेत का?" ती पाच मिनिटं पाऊण तास चालतात. बॉल पपईसारखा लांबट. लाथ मारा, हातात धरा, घेऊन पळा, सगळं चालतं. फक्त फेकायचा नाही. हाताने द्यायचा तर तळहातावर धरून मुठीने ठोसायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला किंवा मधल्या खांबाला आपटला, तरी एक.

"हुकलं तरी एक मिळतो, संजू. असा दुसरा खेळ दाखव."

मी म्हणायचो, "आमच्या ऑफिसात हा नियम आणा, दाजी. मी मॅनेजर होईन."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे एक वाक्य. "मोकळा माणूस बघायचा!" कोच त्यांना ओरडून सांगायचा म्हणे, की बॉल हातात आला की आधी बघ, कोण मोकळा उभा आहे, त्याला दे. दाजींनी ते मैदानावरून काढून संसाराला लावलं. काशीमीऱ्याला ज्या वेअरहाऊसमध्ये ते सुपरवायझर आहेत, तिथे कागदपत्रांसाठी ताटकळलेल्या ट्रक ड्रायव्हरच्या अंगावर अचानक कागदात बांधलेला वडापाव येऊन आदळतो. लग्नात हे जेवायला बसत नाहीत, कोपऱ्यात एकटा उभा असलेला पाहुणा शोधत हिंडतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी शहाभाई टँकरच्या पाण्यावर बोलत होते, तर दाजी मध्येच उठले. "शहाभाई, एक मिनट. वो पीछेवाले भाई कब से अकेले खड़े हैं, उनको बोलने दो." सगळ्यांनी मागे वळून बघितलं. तो माणूस चुकून आमच्या बिल्डिंगमध्ये शिरला होता.

माझी कंपनी बंद पडली तेव्हा मी आठ महिने घरी होतो. दाजी 'ए' विंगला, मी 'बी' विंगला. दर रविवारी ते दारात उभे राहायचे, हातात एक मोसंबी. "मोकळा आहेस ना? घे!" आणि ठोसा. बेकार माणसाला मोकळा आहेस का म्हणून विचारायचं, हा माझ्या डोक्यात तिडीक जाण्याचा विषय होता. मी हात मुद्दाम मागे घ्यायचो. मोसंबी भिंतीवर आपटून सोफ्याखाली जायची. मग ते सव्वा सहा फुटी धूड गुडघे टेकून, गाल फरशीला लावून ती बाहेर काढायचं, शर्टाला पुसून टेबलावर ठेवायचं आणि जायचं. पुढच्या रविवारी पुन्हा मोसंबी. मी एकही झेलली नाही.

माझा राग नुसता मोसंबीचा नव्हता. हे स्थळ मीच आणलं होतं. दाजी तेव्हा व्हॉलीबॉल खेळायचे. परदेशातल्या एका क्लबची माणसं उंच उड्या मारणारी पोरं शोधत मुंबईत आली आणि त्यांनी नेमकं यांना उचललं. विमानतळावर हार घातलेला फोटो पेपरात आला. तो मी कापून आईला दाखवला, पाठपुरावा केला, आणि ताईचं जमवून टाकलं. जाताना फोटो आला. परत आल्याचा आला नाही. अकरा महिन्यांनी क्लबने करार वाढवला नाही. लग्न ठरलेलं होतं, ते झालं. ताईच्या वाट्याला ऑस्ट्रेलिया यायचा होता, आलं काशीमीऱ्याचं गोदाम. ती कधी बोलली नाही. म्हणून तिच्या वाटचं मी बोलायचो.

आणि कारकीर्द तरी केवढी? मुख्य संघातून एक सामना. त्यातही राखीव. शेवटची अकरा मिनिटं. शून्य गोल, खांबाला लागलेला एक, म्हणजे एक गुण. हे सगळं दाजी स्वतःच सांगायचे, खुशीत सांगायचे. पण त्या सामन्याचा व्हिडिओ दाखवा म्हटलं की लगेच उठायचे. "खेळ बघायचा नसतो रे, खेळायचा असतो." व्हिडिओ नाही, फोटो नाही, एक फाटकी जर्सी आणि माळ्यावर हवा गेलेला बॉल. मला सतरा वर्षं खात्री होती, की हा माणूस तिकडे नुसते पाण्याचे ग्लास वाटून आलाय.

गेल्या डिसेंबरात शहाभाईंच्या मनात आलं, की सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीतर्फे दाजींचा सत्कार करावा. कमिटीवर मी होतो. मी म्हणालो, जरूर, पण हॉलच्या टीव्हीवर त्यांचा सामना लावू. मुलांना प्रेरणा मिळेल. प्रेरणा गेली चुलीत. मला एकदा सगळ्यांसमोर छडा लावायचा होता.

भाची सांचीला मी कामाला लावलं. नुकतीच कॉलेजात जायला लागलीय, या गोष्टी तिला जमतात. तिने दोन दिवसांत नेटवरून तो अख्खा सामना शोधला. "मामा, मिळाला. पप्पांना सांगू नको, सरप्राइज देऊ." मी घरी एकटाच बसून शेवटचा भाग लावला. खेळाडू बदलला आणि चव्वेचाळीस नंबरची जर्सी घातलेले दाजी पळत मैदानात आले. तरुण, काटकुळे, कान तेवढेच. मी तिथेच बंद केलं. खोटं पकडायला बसलो होतो, खरं निघालं. पुढे बघायची इच्छा राहिली नाही. खरं सांगतो, मला वाईट वाटलं.

सव्वीस तारखेला सकाळी हॉल भरला. जिलेबी आली. दाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी ताई. शहाभाई म्हणाले, "अब देखिए अपने बिल्डिंग का हीरो," आणि मी बटण दाबलं. दाजींनी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठायला गेले. मागून टाळ्या सुरू झाल्या, तसे बसले.

पडद्यावर दाजी पळत होते. डावीकडे पळाले, मोकळी जागा धरली, दोन्ही हात छातीसमोर धरले, तोंड उघडून ओरडले. बॉल दुसरीकडे गेला. उजवीकडे पळाले, पुन्हा हात पुढे. त्यांच्या आजूबाजूला दहा पावलांत कुणी नव्हतं. बॉल हातात असलेल्या गड्याने त्यांच्याकडे बघितलं आणि गर्दीत घुसून तिसऱ्यालाच दिला. पुन्हा पळाले. पुन्हा हात. पहिली दोन-तीन मिनिटं लोक "अरे इधर! इधर दो!" म्हणून ओरडत होते. मग आवाज कमी होत गेला. पाच मिनिटं झाली, सात झाली. मला बंद करता आलं असतं. रिमोट माझ्याच हातात होता. माझा हात हलला नाही.

तळमजल्यावरच्या पटेलबा, वय पंच्याऐंशी, त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्याने बोलतात. त्या शेजारणीला म्हणाल्या, "एने कोई बॉल केम नथी आपतुं?" याला कुणी बॉल का देत नाही? सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

शेवटच्या मिनिटाला एका ढिगाऱ्यातून बॉल निसटला. दाजींनी तो जमिनीवरून स्वतःच उचलला, लाथ मारली आणि तो खांबावर आपटला. पंचाने एक बोट दाखवलं. दाजी परत फिरले आणि पुन्हा मोकळी जागा धरून हात पुढे करून उभे राहिले. तिथे सामना संपला.

शाल दिली, नारळ दिला. पोरांना वाटलं, आता नारळाला ठोसा बसणार, म्हणून पुढची दोन-चार मागे सरकली. दाजींनी नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरला. शहाभाईंनी माइक पुढे केला.

"वाईट नव्हते ते," दाजी म्हणाले. "चांगली पोरं होती. मॅचच्या आधी एकाने माझ्या बुटाची लेस पण बांधून दिली, माझे हात थरथरत होते म्हणून. फक्त पळताना त्यांना माझी आठवण राहायची नाही." मग शहाभाईंकडे वळून म्हणाले, "जिलेबी दे दो सबको, ठंडी हो जाएगी."

जिन्यात मी त्यांना गाठलं. "दाजी, मला माहीत नव्हतं."

"तू कशाला मनाला लावून घेतोस? तू दाखवलंस ते खरंच होतं."

ते पुढे गेले. ताई थांबली. माझ्यावर ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी मला हा सामना दाखवला होता. एकटीला. दुसऱ्या दिवसापासून मी झेलायला शिकले. आधी सगळं सांडायचं, संजू. अंडी, डाळ, सगळं. तरी शिकले." मग म्हणाली, "तुला निदान एक मोसंबी झेलता आली असती." आणि वर गेली.

पुढच्या रविवारी मी जेवायला गेलो. सांची माझ्याशी बोलत नव्हती. ताई ओट्याशी होती. मी म्हणालो, "दाजी, लिंबू द्या ना," आणि हात तयार ठेवले. दाजी उठले. लिंबू धुतलं, चिरलं, फोडी बशीत ठेवल्या, टेबलाला वळसा घालून आले आणि बशी माझ्या पुढ्यात ठेवली. पाहुण्याला देतात तशी.

"अहो, टोमॅटो," ताई म्हणाली आणि सवयीने मान न वळवता हात मागे केला. दाजी टोपलीतला टोमॅटो घेऊन ओट्यापर्यंत चालत गेले आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने मागे वळून बघितलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिला वळावं लागलं.

मला राहवलं नाही. मी खुर्ची सरकवली, दारापाशी जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही हात छातीसमोर धरले. टोपलीत मोसंबी होत्या. "दाजी, इकडे! मोकळा आहे मी!"

दाजी माझ्याकडे बघून हसले. खरंच हसले, राग कुठेच नव्हता.

"बस रे संजू," ते म्हणाले. "भाजी गार होतेय."

मी तसाच उभा होतो, हात पुढे करून.